इंडस्ट्रियल रॉक, इंडस्ट्रियल मेटल की नुसतंच रॉक? डिचोलीच्या बँडला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यातल्या डिचोलीच्या चौघांचा बँड. दोन गिटार, ड्रम मशीन, लॅपटॉप आणि गाणी मराठीत. खाणीवरच्या क्रशरचा, कन्व्हेयरचा आणि बार्जमध्ये (माल वाहणाऱ्या सपाट बोटीत) माल ओततानाचा आवाज त्यांनी स्वतः रेकॉर्ड करून गाण्यांत वापरला आहे. पाच गाणी तयार आहेत आणि पोस्टरवर नावाखाली काय लिहायचं यावरून चौघांत जुंपली आहे. एक म्हणतो इंडस्ट्रियल रॉक. दुसरा म्हणतो, गिटार एवढी खाली उतरवली आहे म्हणजे इंडस्ट्रियल मेटलच. तिसरा, ज्याने सगळ्यांत जास्त ऐकलं आहे, तो म्हणतो की खरं इंडस्ट्रियल 1981 सालीच संपलं. आपलं हे यंत्रांचे आवाज चिकटवलेलं साधं रॉक आहे. चौथ्याला यात पडायचं नाही, त्याला फक्त कार्यक्रम मिळायला हवेत.

मी गोव्यात बरीच वर्षं लाइव्ह साउंड आणि रेकॉर्डिंग करतो आहे. नाटक, तियात्र, शिगमो, लग्नातले बँड आणि मेटलवाले, सगळ्यांसाठी मिक्सरमागे उभा राहिलो आहे. तुमची पाचही गाणी मी दोनदा ऐकली, एकदा हेडफोनवर आणि एकदा स्टुडिओतल्या स्पीकरवर. बँड म्हणून तुम्ही इंडस्ट्रियल रॉक आहात. पण पाचांतली सगळीच गाणी त्या नावात बसतात असं नाही, आणि तुमच्यातल्या प्रत्येकाने बहुधा वेगवेगळं गाणं डोक्यात ठेवून वाद घातला आहे. तिसऱ्या मित्राचा आक्षेप सगळ्यांत जोरकस आहे, म्हणून आधी त्याच्याकडे वळतो.

तो म्हणतो त्याला इतिहासाचा आधार आहे. ‘इंडस्ट्रियल’ हे नाव आलं ते लंडनच्या थ्रॉबिंग ग्रिसल या चौकडीमुळे. 1975 मध्ये ते एकत्र आले, 1976 मध्ये त्यांनी इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स नावाची स्वतःची कंपनी काढली, आणि ‘औद्योगिक माणसांसाठी औद्योगिक संगीत’ हे तिचं घोषवाक्य मॉन्टी काझाझा या अमेरिकन कलावंताने सुचवलं. 1981 मध्ये ते थांबले. त्यांच्या आजूबाजूला शेफील्डचे कॅबरे व्होल्टेर होते, सिडनीचे एसपीके होते, पश्चिम बर्लिनमध्ये 1980 साली सुरू झालेले आइनस्टुर्झेंडे नॉयबाउटन होते, जे भंगारातले पत्रे, स्प्रिंगा आणि ड्रिल मशीन घेऊन मंचावर येत. या मंडळींत मुखडा-अंतरा नव्हता, सोलो नव्हता, रॉकचा नायक नव्हता. टेप कापून जोडायची, स्वतः घरी बांधलेल्या पेट्यांतून आवाज काढायचा, ऐकणाऱ्याला अस्वस्थ करायचं. हे ज्याने मनापासून ऐकलं आहे त्याला नव्वदच्या दशकातलं रॉक ऐकून ‘हे ते नाही’ असं वाटणं स्वाभाविक आहे. मलाही बऱ्याचदा तसंच वाटतं.

पण तो एक गोष्ट विसरतो. गिटार तिथे पहिल्या दिवसापासून होती. थ्रॉबिंग ग्रिसलमध्ये कोझी फॅनी टुटी गिटार वाजवायची. कॅबरे व्होल्टेरमध्ये रिचर्ड कर्कच्या हातात गिटार होती. नॉयबाउटनचा गायक ब्लिक्सा बारगेल्ड तर पुढे जवळपास वीस वर्षं निक केव्हच्या बँडचा गिटारवादक होता. त्यामुळे गिटार आली म्हणून इंडस्ट्रियल संपलं, हा युक्तिवाद टिकत नाही. विचारायचं ते असं की गिटार तिथे काय काम करत होती. कोझी कॉर्ड धरत नव्हती, धून वाजवत नव्हती. ती तारांवरून आवाजाचा एक पट्टा ओढत होती, टेपवरच्या किंवा सिंथमधल्या (सिंथेसायझरमधल्या) आवाजासारखाच. गिटार बाकीच्या यंत्रांच्या रांगेत येऊन बसली होती. तुमच्या पहिल्या आणि पाचव्या गाण्यात नेमकं हेच घडतं आहे.

आणखी एक. त्या पहिल्या पिढीतही आवाज सारखा नव्हता. कॅबरे व्होल्टेरचा ताल नाचता येईल असा, नॉयबाउटनचा पत्र्यावर हातोडा मारल्याचा, थ्रॉबिंग ग्रिसल कधी कान फाडणारे तर कधी सिंथवर अगदी हळू गुणगुणणारे. गोव्यात हे कुणाला समजावून सांगायची गरज पडू नये. केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर, दोघी अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या, दोघी जयपूर घराण्याच्या. आणि जाणकाराला दोन तानांत कळतं की कोण गातंय. तिथे घराण्याच्या नावाने आपण विचार कसा करायचा, स्वर कसा लावायचा, कशाला महत्त्व द्यायचं हे ओळखतो, गळ्याचा पोत नव्हे. इंडस्ट्रियल हे नावही मी तसंच वापरतो. ते कार्यपद्धतीचं नाव आहे: यंत्राला वाद्य मानणं, पुनरावृत्तीला रचना मानणं, गोंगाटाला साहित्य मानणं. आवाज किती कर्कश आहे यावरून ते ठरत नाही.

आता हे रॉकमध्ये शिरलं कसं, कारण तुमच्या वादाचं मूळ तिथे आहे.

सगळ्यांत सोपा धागा शिकागोचा. तिथे वॅक्स ट्रॅक्स नावाचं रेकॉर्डचं दुकान होतं, त्यातूनच त्या नावाची कंपनी निघाली, आणि युरोपातलं कडक इलेक्ट्रॉनिक संगीत तिच्यामार्फत अमेरिकेत पोचलं. मिनिस्ट्री हा बँड त्याच शहरातला. 1983 चा त्यांचा पहिला अल्बम गोड सिंथ-पॉप आहे, ऐकलात तर विश्वास बसणार नाही. 1986 च्या ‘ट्विच’मध्ये ताल कठीण झाला. 1988 मध्ये ‘द लँड ऑफ रेप अँड हनी’ आला आणि त्यात गिटार ड्रम मशीनच्या तालाला जखडलेली होती. पुढच्याच वर्षी, 1989 मध्ये, क्लीव्हलँडच्या ट्रेंट रेझनरने नाइन इंच नेल्सचा ‘प्रिटी हेट मशीन’ काढला. त्यात गिटार कमी, सिंथ आणि सॅम्पलर (आवाजाचे तुकडे साठवून हवे तेव्हा वाजवणारं यंत्र) जास्त, पण गाण्यांची बांधणी सरळसरळ मुखडा-अंतऱ्याची. 1992 च्या ‘ब्रोकन’मध्ये गिटारांची भिंत उभी राहिली आणि 1994 च्या ‘द डाउनवर्ड स्पायरल’मध्ये दोन्ही बाजू एकमेकींत मिसळल्या. लोक आज इंडस्ट्रियल रॉक म्हणतात तेव्हा बहुतेकांच्या कानात हा आवाज असतो.

यात उपकरणांचा हात किती होता हे फारसं कुणी सांगत नाही, म्हणून इथे जरा थांबतो. 1983 मध्ये मिडी (यंत्रांना एकमेकांशी बोलायला लावणारी भाषा) आलं आणि वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकाच तालावर चालू लागली. 1986 च्या सुमाराला अकाईचा एस 900 हा सॅम्पलर बाजारात आला. बारा बिटचा, आणि पूर्ण दर्जावर ठेवला तर त्यात जेमतेम 12 सेकंदांचा आवाज मावायचा. या 12 सेकंदांत ड्रमचे ठोके, पत्र्याचे आवाज, सिनेमातलं एखादं वाक्य आणि गिटारचा रिफ (पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा), सगळं बसवायचं. म्हणजे रिफ दोन मात्रांचा किंवा फार तर एका आवर्तनाचा घ्यायचा आणि तोच पुन्हा पुन्हा सोडायचा. हाताने तोच रिफ सोळा वेळा वाजवला तर सोळाही वेळा थोडा वेगळा येतो: पिक कुठे लागला, तळवा किती दाबला, शेवटची तार किती घुमली. सॅम्पलरमधून सोळा वेळा अगदी तोच येतो. तो निर्जीवपणा, ती न थकणारी पुनरावृत्ती, हाच त्या संगीताचा प्राण झाला. मर्यादेतून शैली तयार झाली, आणि मर्यादा गेल्यावरही लोकांनी ती मुद्दाम राखली.

स्वित्झर्लंडच्या द यंग गॉड्सनी तर हे टोकाला नेलं. 1987 चा त्यांचा पहिला अल्बम ऐकताना तुम्हाला जबरदस्त गिटार ऐकू येते, पण बँडमध्ये गिटारवादक नाही. गायक, ड्रमर आणि सॅम्पलर. त्यांना रॉक म्हणायचं की नाही? मी म्हणतो, नक्कीच, कारण गाणं रिफवर चालतं आणि ऐकणाऱ्याच्या अंगात रॉकच शिरतं. तुमच्या दुसऱ्या गिटारवाल्याने विचारलं आहे की त्याने वाजवलेला रिफ लॅपटॉपवर कापून लूप केला तर ती फसवणूक होते का. नाही. या संगीतात तोच मुळी मुख्य मार्ग आहे.

दोन-तीन बँड असे आहेत की ज्यांच्यावर तुमची नावं घासून पाहता येतील. शिकागोच्याच बिग ब्लॅकमध्ये माणूस ड्रमर नव्हताच. रोलंडचं टीआर-606 हे ड्रम मशीन होतं आणि श्रेयनामावलीत ते ‘रोलंड’ म्हणून यायचं. स्टीव्ह अल्बिनीची गिटार पत्रा कापल्यासारखी. सगळं साहित्य इंडस्ट्रियलचं. तरी त्यांना नॉइज रॉक म्हणणारे मला बरोबर वाटतात, कारण गाणी चौघांनी एका खोलीत उभं राहून वाजवल्यासारखी धावतात. मशीन तिथे न दमणाऱ्या ड्रमरचं काम करतं, त्याहून अधिक काही नाही. उलट लंडनचे किलिंग जोक घ्या. 1980 च्या त्यांच्या पहिल्या अल्बममध्ये हाडामांसाचा ड्रमर आहे, पण गिटार आणि ताल इतक्या हट्टाने एकाच जागी ठोकत राहतात की पुढचे जवळपास सगळे इंडस्ट्रियल रॉकवाले त्यांना पूर्वज मानतात. गॅरी न्यूमनच्या 1979 च्या ‘द प्लेझर प्रिन्सिपल’मध्ये बेस सोडला तर एकही गिटार नाही, पुढे सगळीकडे सिंथ, पण ते इंडस्ट्रियल नाही, कारण तिथला सिंथ स्वच्छ धून वाजवतो, गोंगाट करत नाही. हाच न्यूमन नव्वदीत स्वतः इंडस्ट्रियल रॉककडे वळला, तेव्हा फरक एकाच माणसाच्या दोन काळांत ऐकता येतो.

म्हणून केवळ ‘ड्रम मशीन आहे’ किंवा ‘पत्र्याचा आवाज आहे’ यावरून मी काही ठरवत नाही. मी मिक्सरवर ठरवतो. तीन ग्रुप करा. एकात ड्रम मशीन, सॅम्पल, सिंथ, खाणीतले आवाज. दुसऱ्यात गिटार. तिसऱ्यात गळा. आता गाणं मध्यापासून लावा आणि पहिला ग्रुप म्यूट करा. मनात त्या जागी एक चांगला ड्रमर बसवा. गाण्याचं काही गेलं का? काहीच गेलं नसेल तर ते रॉक आहे, यंत्र त्याला सजवतंय एवढंच. मग पहिला ग्रुप चालू करून गिटार म्यूट करा. गाणं पोकळ झालं तरी चालत राहतं का? चालत असेल तर त्याचा कणा यंत्रात आहे. दोन्ही वेळा गाणं लंगडलं, म्हणजे यंत्राशिवाय ते कोसळतं आणि गिटारशिवाय त्याला तोंडवळा राहत नाही, तर तुमच्या हातात खरं मिश्रण आहे. त्यालाच मी निःशंकपणे इंडस्ट्रियल रॉक म्हणतो. शेवटी गळा म्यूट करून पाहा, गोंगाट कुठे बसलाय ते कळेल: तालाच्या आत, की तालावर पसरलेला. तालाच्या आत असेल, म्हणजे क्रशरचा ठोकाच स्नेअरचं (ड्रम सेटमधल्या कडक आवाजाच्या छोट्या ड्रमचं) काम करत असेल, तर तो रचनेचा भाग. वरून पसरलेला असेल तर ते वातावरण झालं. छान असू शकतं, पण त्यावरून गाण्याचं नाव बदलत नाही.

तुमच्या पाच गाण्यांना हे लावलं तर चित्र स्वच्छ होतं.

पहिल्या गाण्यात क्रशरचा जबडा मिटण्याचा आवाज दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर आहे. तो काढला की गाण्याचा तोलच जातो, आणि गिटार काढली की मुखड्यातली चढण जाते. नमुनेदार इंडस्ट्रियल रॉक. पाचवंही तसंच, त्यात कन्व्हेयरच्या पट्ट्याची घरघर बेस गिटारच्या जागी वापरली आहे, आणि ती सुरात आणायला तुम्ही पिच खाली घेतला आहे तो अगदी योग्य ठिकाणी. त्या घरघरीत पट्ट्याच्या जोडाचा जो टक् असा आवाज ठरावीक अंतराने येतो तो काढून टाकू नका. गाण्याचा टेम्पो त्यावरून ठरवलात का मला माहीत नाही, पण तसंच वाटतं, आणि तसं असेल तर तिसऱ्या मित्राने हे गाणं पुन्हा ऐकावं. कॅबरे व्होल्टेरमध्ये टेप सांभाळणारा ख्रिस वॉटसन पुढे रानात जाऊन पक्ष्या-प्राण्यांचे आवाज रेकॉर्ड करणारा जगातला नावाजलेला माणूस झाला. बाहेर जाऊन, माइक धरून, तिथे आहे तो आवाज आणायचा आणि त्याच्याभोवती संगीत बांधायचं, ही शिस्त त्या पहिल्या पिढीची आहे. तुम्ही ती पाळली आहे.

दुसरं गाणं मेटलवाल्या मित्राचं. इथे त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. गिटार खाली ट्यून करणं हे मेटलचं लक्षण पुरेसं नाही. मला त्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं ते हे की किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि तळव्याने दाबलेला रिफ एकमेकांना किती चिकटले आहेत. लॉस एंजेलिसच्या फिअर फॅक्टरीचा 1995 चा ‘डीमॅन्युफॅक्चर’ ऐका: डबल किकचा प्रत्येक ठोका गिटारच्या प्रत्येक ठोक्यावर, जणू एकच यंत्र. ड्रमर माणूस आहे पण मशीनसारखा वाजवतो. बर्मिंगहॅमच्या गॉडफ्लेशने 1989 च्या ‘स्ट्रीटक्लीनर’मध्ये उलट केलं: ड्रम मशीन ठेवलं आणि त्याला संथ, जडशीळ मेटलसारखं वाजवलं. दोन्हीकडे गिटारचा रिफ हाच राजा आहे, यंत्र त्याच्यासाठी राबतं. इंडस्ट्रियल रॉकमध्ये हे नातं बहुतेक वेळा उलटं असतं, यंत्र चौकट आखतं आणि गिटार तीत येते-जाते. तुमच्या दुसऱ्या गाण्यात अंतऱ्यांत यंत्र पुढे आहे, मुखड्यात रिफ. मुखडा संपून डबल किक येते ती पंधरा-वीस सेकंदं शुद्ध इंडस्ट्रियल मेटल आहेत. अख्ख्या बँडचं नाव त्यावरून बदलू नका.

मेटल आणि यंत्र यांच्यातली ही भिंत लोक मानतात तितकी जाड नाही, हेही सांगतो. गॉडफ्लेश ज्या बर्मिंगहॅमचे त्याच शहरात 1968 मध्ये ब्लॅक सबाथ सुरू झाला. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता, आणि तिथल्या यंत्राने त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं कापली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा तोच हात. पुढे त्याने बोटांना टोपणं बनवून घेतली, हलक्या तारा लावल्या आणि ताण कमी व्हावा म्हणून गिटार खाली उतरवली. ज्या जाड, खालच्या आवाजाला तुम्ही मेटल म्हणता त्याच्या मुळाशीही एक कारखाना आहे. तेव्हा ‘आमची पार्श्वभूमी खाणीची, म्हणून आम्ही इंडस्ट्रियल’ हा मुद्दा वादात आणू नका; पार्श्वभूमी दोघांचीही तीच आहे. नाव बांधणीवरून ठरवा.

आणि बक्षिसांवरून तर अजिबात नको. नाइन इंच नेल्सला 1993 आणि 1996 अशी दोनदा ग्रॅमी मिळाली ती मेटलच्या विभागात. रेझनरला मेटलवाला म्हणणारा मेटलचा जाणकार मला आजवर भेटलेला नाही. विभाग पाडणाऱ्यांकडे त्यासाठी दुसरा खण नव्हता, एवढाच त्याचा अर्थ. जर्मनीत राम्स्टाइन आले तेव्हा तिथल्या पत्रकारांनी इंग्रजी नावांच्या नादी न लागता ‘नॉये डॉयचे हेर्टे’ असं आपल्याच भाषेतलं नाव पाडलं आणि ते रुजलं. ते रुजलं कारण एकापाठोपाठ एक अनेक बँड त्या वळणाचे निघाले. गोव्यात तुमच्यासारखे आणखी चार-पाच बँड मराठी-कोंकणीत उभे राहिले तर इथेही काही नाव पडेल. एका बँडने आपणच आपलं नवं नाव शोधून पोस्टरवर छापणं मात्र टाळा, वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही.

तिसरं गाणं मात्र तुमच्या तिसऱ्या मित्राच्या बाजूने साक्ष देतं. सुरुवातीला बार्जमध्ये माल पडल्याचा आवाज, मग अकूस्टिक गिटार, गोड चाल, शेवटी पुन्हा बार्ज. मधल्या साडेतीन मिनिटांत यंत्र म्यूट केलं तर काहीही बिघडत नाही. चांगलं गाणं आहे, पाचांतली सर्वांत चांगली चाल त्याचीच आहे, पण इंडस्ट्रियल नाही. मराठी रॉक म्हणा, त्यात कमीपणा कसला.

चौथ्यात गिटार नाहीच. सोळा मात्रांचा सिक्वेन्सरचा (आधी भरलेले स्वर आपोआप वाजवणाऱ्या यंत्राचा) बेस, कडक किक, घोषणेसारखा गळा. हे ईबीएम, म्हणजे इलेक्ट्रॉनिक बॉडी म्युझिक. बेल्जियमचे फ्रंट 242, इंग्लंडचे नित्झर एब या वळणाचं. या गाण्याबद्दल गोव्यातल्या माणसाला वेगळी आस्था वाटायला हवी. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून हणजूणच्या पार्ट्यांत युरोपातून आलेलं जे इलेक्ट्रॉनिक संगीत वाजू लागलं त्यात हेच होतं. तिथले डीजे कॅसेटवरून वाजवत, गायनाचे तुकडे कापून टाकत आणि उरलेला ताल लांबवत नेत. त्यातून पुढे जे घडलं त्याला नव्वदीत गोवा ट्रान्स हे नाव मिळालं. म्हणजे इंडस्ट्रियलच्या एका फांदीचं पाणी आपल्या किनाऱ्यावर केव्हाच पोचलं होतं; डिचोलीपर्यंत यायला वेळ लागला.

तुमच्या चौथ्या मित्राला कार्यक्रमांची काळजी आहे आणि ती रास्त आहे. गोव्यात आयोजकाने ‘इलेक्ट्रॉनिक’ हा शब्द ऐकला की तो तुम्हाला ट्रान्सच्या यादीत टाकतो, साउंडवाला दोन डीआय (वाद्य थेट मिक्सरला जोडायचे डबे) ठेवून मोकळा होतो आणि गिटारला मॉनिटर (वादकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) मिळत नाही. ‘रॉक’ ऐकलं की ड्रम सेट मांडून त्यावर आठ माइक लावून ठेवतो, आणि तुमच्याकडे ड्रमरच नाही. ‘मेटल’ म्हटलं तर काही ठिकाणी दारच बंद. म्हणून पोस्टरवर ‘इंडस्ट्रियल रॉक’ आणि त्याखाली एक ओळ: ‘ड्रम मशीन, गिटार आणि खाणीतल्या यंत्रांचे आवाज, मराठीतून’. ती ओळ वाचून ज्याला यायचं तो येईल.

साउंडवाल्याला मात्र शैलीचं नाव सांगू नका, वायरी सांगा. लॅपटॉपला जोडलेल्या ऑडिओ इंटरफेसमधून किमान चार आउटपुट वेगळे द्या: किक एकटी, बाकीचे ठोके आणि पत्र्याचे आवाज, सिंथ आणि घरघर, चौथ्यावर क्लिक, म्हणजे ताल मोजणारी टिकटिक, जी फक्त तुमच्या कानात जाईल. सगळं एका स्टिरिओ ट्रॅकमध्ये मिसळून आणलंत तर हॉलप्रमाणे काहीच जुळवता येणार नाही. क्रशरच्या आवाजात 2 ते 5 किलोहर्ट्झचा भाग फार आहे, माणसाचा कान नेमका तिथेच सर्वांत हळवा; पत्र्याचं छप्पर असलेल्या हॉलमध्ये तो लोकांना उठवून बाहेर काढेल. तो आउटपुट वेगळा असेल तर मिक्सरवरचा माणूस तेवढाच खाली घेईल आणि गिटार वाचेल.

तुम्ही घुमटाबद्दलही (मातीच्या मडक्याला कातडं ताणून केलेलं आपलं तालवाद्य) विचारलं आहे: पाचव्या गाण्यात घुमटाचा लूप घातला तर फ्यूजन म्हणावं लागेल का. आपल्याकडे स्थानिक वाद्य दिसलं की लगेच फ्यूजन म्हणायची सवय आहे, आणि 2019 मध्ये घुमटाला राज्याचं वारसा वाद्य ठरवल्यापासून ती वाढली आहे. तुम्ही घुमट डिस्टॉर्शनमधून घालून, कापून, ठोक्यावर बसवणार असाल तर तो क्रशरच्या शेजारचा आणखी एक आवाज झाला, नाव तेच राहतं. घुमट वाजवणारा मंचावर बसून आरतीतल्यासारखा मोकळा वाजवणार असेल आणि यंत्र त्याच्यामागे चालणार असेल तर वेगळी गोष्ट, तेव्हा मला पुन्हा विचारा.

लायबाख या बँडचं उदाहरण तुमच्यासाठी मुद्दाम राखून ठेवलं होतं. 1980 मध्ये स्लोव्हेनियातल्या त्रबोवल्ये या कोळशाच्या खाणींच्या गावात तो सुरू झाला. मोठ्या शहरात जाऊन त्यांनी गावाची ओळख झाकली नाही, ती समोर धरली. डिचोली-साखळीच्या पट्ट्यात 2012 मध्ये खाणी थांबल्या, मध्ये सुरू झाल्या, 2018 मध्ये पुन्हा थांबल्या. किती घरांतले ट्रक दाराशी गंजत उभे राहिले ते तुम्ही पाहिलं आहे. तुमच्या रेकॉर्डिंगमधले आवाज कुठल्या तरी सॅम्पल पॅकमधून उतरवलेले नाहीत, हे अल्बमच्या माहितीत एका वाक्यात लिहा: कुठला आवाज कुठल्या प्रकारच्या यंत्राचा आणि कुठल्या वर्षी घेतला. खाणीच्या मालकाचं किंवा कंपनीचं नाव घालायची गरज नाही. रेकॉर्डिंगला परवानगी घेतली नसेल तर प्रकाशनाआधी घ्या.

राहिला स्ट्रीमिंगचा फॉर्म. बहुतेक ठिकाणी एक मुख्य आणि एक दुय्यम प्रकार निवडायचा असतो आणि यादीत इंडस्ट्रियल असेलच असं नाही. मुख्य रॉक, दुय्यम अल्टरनेटिव्ह; दुसऱ्या गाण्याला हवं तर दुय्यम मेटल. भाषेच्या खान्यात मराठी भरायला विसरू नका, तुम्हाला शोधणारे निम्मे लोक तिथूनच येतील.

आणि क्रम बदला. पहिलं, पाचवं आणि दुसरं ही तीन गाणी एकत्र ईपी, म्हणजे छोटा अल्बम, म्हणून काढा, त्याच्यावर इंडस्ट्रियल रॉक लिहा. चौथं नंतर एकटं येऊ द्या, तेही हणजूणच्या एखाद्या डीजेला आधी ऐकवून. तिसऱ्यातला बार्जचा आवाज काढून टाका, फक्त गिटार आणि गळा ठेवून पुन्हा रेकॉर्ड करा, आणि ते सगळ्यांत शेवटी.